बिनआवाजाची घंटा

आमच्या चित्रपट मंडळात माणूस एकदा आला की एक तर तो पुन्हा तोंड दाखवत नाही, नाहीतर कायमचा बिघडतो. मी दुसऱ्या प्रकारातली.

मी चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. समोर खुर्चीत माणूस, त्याच्या नाकावर भिंगं अडकवायची ती जड फ्रेम आणि माझा एकच प्रश्न, "हे बरं दिसतंय की हे?" आठवडाभर हेच विचारून झाल्यावर सुट्टीच्या सकाळी मला कुणी काही विचारू नये आणि मीही कुणाला काही विचारू नये, एवढीच माझी इच्छा असते. वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये मी पहिल्यांदा शिरले ती निव्वळ ऊन चुकवायला. खाली पुस्तक बदललं होतं, बाहेर डोळे उघडवत नव्हते आणि वर पंखे चालू असल्याचा आवाज येत होता. आत अंधार होता. पडद्यावर कुठल्याशा डोंगराळ मुलखातला एक म्हातारा घराचं छप्पर दुरुस्त करत होता. चित्रपटभर त्याने दुसरं काही केलंच नाही. मारामारी नाही, गाणं नाही, बायको कुठे गेली त्याचा पत्ता नाही. शेवटी पाऊस आला आणि छप्पर गळलं नाही. दिवे लागले तेव्हा मी हमसून हमसून रडत होते. घरी येऊन नवऱ्याला सगळी गोष्ट सांगितली तर तो म्हणाला, "गळलं नाही ना? मग रडायला काय झालं?"

हे त्याला आजतागायत समजावता आलेलं नाही. पण त्या दिवसापासून मी सुट्टीची सकाळ कुणाला देईनाशी झाले. ज्या देशांची नावंही मला धड उच्चारता येत नाहीत, तिथल्या बायका भाकरी कशी मोडतात, शाळेतली पोरं कशी खोटं बोलतात, नवरे कसे गप्प बसतात, हे मी तिथे बसून पाहिलं. बोलणं एक अक्षर कळायचं नाही. खाली आपल्या भाषेतल्या ओळी यायच्या त्या वाचायच्या आणि वर चेहरे बघायचे. नवऱ्याला वाटायचं, मी मोठं डोक्याचं काम करायला जाते. खरं म्हणजे मी लोकांच्या घरात डोकावायला जायचे, आणि तेही चहापाण्याची भीड न बाळगता.

मंडळ चालवतात ग्रंथपाल बाई. चित्रपट त्या कुठून कुठून मिळवतात, ओळी तपासतात, प्रोजेक्टर लावतात, आणि उशिरा येणाऱ्याला टॉर्च दाखवून अशा नजरेने बसवतात की तो पुढच्या वेळी वेळेआधी हजर. चित्रपट संपला की हाच टॉर्च हातोहात फिरतो. ज्याच्या हातात टॉर्च त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ब्र काढायचा नाही. बोलायचं काय, तेही बाईंनी फळ्यावर कायमचं लिहून ठेवलंय: मत नको, दिसलं ते सांगा. हा नियम त्यांनी एका माणसासाठी केला, हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यांना आम्ही प्राध्यापक म्हणतो. ते विमा कंपनीतून निवृत्त झालेत, पण टॉर्च हातात आला की तासाभराचं व्याख्यान ठरलेलं. नियम झाल्यापासून ते मताच्या आधी "मला असं दिसलं की" एवढं जोडतात आणि पुढे तासभर बोलतातच.

हे सगळं माझं सुखाचं खातं. त्या दिवसांत घरी मात्र कायम काळजी असायची, आणि तिचं कारण होते माझे सासरे, अप्पा.

अप्पांनी जन्मभर शाळेत भूगोल शिकवला. जेवताना कुणी कुठल्या गावाचं नाव काढलं की तिथली नदी, तिथला वारा आणि तिथे काय पिकतं, हे सांगितल्याशिवाय त्यांचा घास खाली उतरत नसे. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटायचं, हा माणूस झोपेत तरी गप्प बसतो का? हळूहळू तोच माणूस गप्प होत गेला. काही विचारलं की "हो हो." पाणी हवं की चहा, तर "हो." सगळे हसले की एक क्षण थांबून हसायचे. एकदा चहाची किटली शेगडीवर ठेवून शेजारच्या खोलीत पेपर वाचत बसले. किटली शिट्टी मारून मारून करपली, शेजारच्यांनी दार ठोठावलं, हे आपले पेपरातच. दोनदा न्हाणीघरातला नळ चालूच ठेवून आले. आणि एक दिवस माझी मुलगी शाळेतून येऊन त्यांच्याजवळ बसली आणि सांगायला लागली की तिची जिवलग मैत्रीण गाव सोडून चालली आहे. अप्पांनी तिच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, "वा! छान!" पोरगी रडत माझ्याकडे आली. "आजोबांना मी आवडत नाही का गं?" म्हणाली.

आम्हा सगळ्यांच्या मनात एकच गोष्ट होती आणि ती कुणी तोंडातून काढत नव्हतं. अप्पांच्या थोरल्या भावाचं असंच झालं होतं. आधी गप्प झाले, मग नळ, मग घरचा रस्ता, आणि शेवटी आरशातल्या स्वतःलाच "बसा ना" म्हणायचे. त्यांचं सगळं अप्पांनीच केलं होतं. माझ्या नवऱ्याने एक दिवस गुपचूप अप्पांच्या खिशातली घराची किल्ली काढून घेतली. अप्पांना ते कळलं. त्यांनी नुसता खिसा चाचपून पाहिला. विसरण्याच्या आजाराच्या डॉक्टरांची वेळ येत्या मंगळवारची मिळाली होती. तिथे काय सांगतील, या विचाराने नवरा रात्री कूस बदलत पडायचा आणि मी झोपल्याचं सोंग घ्यायचे.

मी काही गरीब गाय नाही. मला राग यायचा. घरात वावरणाऱ्या माणसाला चार वेळा हाक मारायची आणि त्याने मान वळवायची नाही, म्हणजे काय? चिडून ओरडले की मात्र लगेच उठायचे. मग मला वाटायचं, आजारबिजार काही नाही, हा शुद्ध आडमुठेपणा आहे. दुसऱ्या क्षणी किटली आठवायची आणि माझीच मला लाज वाटायची. 

त्या सुट्टीच्या सकाळी नवऱ्याला अचानक कामावर बोलावलं, मुलगी मैत्रिणीकडे गेलेली. अप्पांना एकटं ठेवायचं नाही असं किटलीनंतर ठरलेलं. म्हणजे माझा चित्रपट बुडाला. मी भांडी जरा जास्तच आपटली. मग म्हटलं, का बुडवायचा? घेऊन जाऊ. झोपतील खुर्चीत. त्यांच्यासमोर उभं राहून हातवारे करत सांगितलं, "सिनेमा! चला!" अप्पा लगेच शर्ट बदलून आले. चष्मा पुसून घेतला. तो चष्मा मीच करून दिलेला, नंबर चोख.

चित्रपट होता माहितीपट, कुठल्याशा थंड देशातल्या घंटा ओतणाऱ्या कुटुंबाचा. बाप, धाकटा मुलगा आणि दोन सुना; थोरला मुलगा शहरात निघून गेलेला. पिढ्यान् पिढ्या हेच काम. दिवे मालवले, चित्रपट सुरू झाला. पडद्यावर दोघी सुना पायांनी माती तुडवत होत्या, बाप साच्यावर हात फिरवत होता, ओठ हलत होते, खाली ओळी येत होत्या. आणि आवाज अजिबात नव्हता. पंख्याची घरघर तेवढी ऐकू येत होती.

मी आजूबाजूला पाहिलं. कुणीही हललं नाही. दुसऱ्या कुठल्या थिएटरात असं झालं असतं तर मागून शिट्ट्या आल्या असत्या. पण आम्ही पडलो चित्रपट मंडळातले दर्दी. घंटेवरचा चित्रपट आणि तोच बिनआवाजाचा, म्हणजे यात दिग्दर्शकाचं काहीतरी खोल असणार! प्राध्यापक तर पुढे झुकून, हनुवटीवर मूठ टेकवून बसले होते. खोटं कशाला बोलू, मलाही तसंच वाटलं. घंटा तयार झाल्याशिवाय आवाज ऐकवायचा नाही, असं त्याने ठरवलं असेल, असं मनाशी म्हटलं आणि माझ्या अंगावर काटासुद्धा आला. भट्टी पेटली, धातू वितळला, साच्यात ओतला, आणि इतकी सगळी लालभडक धावपळ आम्ही मुकाट्याने पाहिली. अप्पा झोपले नव्हते. ते खुर्चीच्या कडेला सरकून पाहत होते. ओठ पुटपुटत ओळी वाचत होते आणि माझ्या आधी हसत होते.

साचा फोडला. आतून काळपट, ओबडधोबड घंटा निघाली. मुलाने मोठी कानस घेतली आणि तिची कड घासायला लागला. त्याच वेळी ग्रंथपाल बाई मागच्या बाजूला काहीतरी करत होत्या, आणि एकाएकी आवाज आला.

कानशीचा कर्कश आवाज. तो काही मोठा नव्हता, पण तोवरच्या शांततेत सगळा हॉल ताडकन उडाला. माझ्या दातांना झिणझिण्या आल्या. प्राध्यापकांच्या हातातली बाटली खाली पडून पार भिंतीपर्यंत गडगडत गेली. पुढच्या रांगेतल्या बाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. मी अप्पांकडे वळले, ते दचकले असतील म्हणून त्यांचा हात धरायला.

अप्पा जराही हलले नव्हते. मघाशी जसे बसले होते तसेच, पडद्याकडे डोळे लावून. समोरच्या बाई कानावर हात का ठेवतायत, हे त्यांनी जरा कुतूहलाने पाहिलं आणि पुन्हा ओळी वाचायला लागले. त्यांच्यासाठी काही बदललंच नव्हतं. आवाज आला होता, हेच त्यांना माहीत नव्हतं.

त्यानंतर पडद्यावर काय झालं ते मी नीट पाहिलं नाही. मी अप्पांनाच पाहत होते. कानस करकरत होती आणि ते शांत. सुना एकमेकींना हाका मारत होत्या, हे शांत. किटलीची शिट्टी. नळ. पाठमोऱ्या हाका. पोरीचा तो बारीक आवाज. रोज लोकांचे डोळे तपासणारी मी, घरातल्या माणसाचे कान गेले आहेत हे मला दिसू नये? मी मनाला बजावलं, थांब, आताच हुरळून जाऊ नकोस, डोक्याचंही असू शकेल.

दिवे लागले आणि टॉर्च आधी प्राध्यापकांकडे गेला. "मला असं दिसलं की," त्यांनी सुरुवात केली, "पहिला अर्धा भाग संपूर्ण मूक ठेवून दिग्दर्शकाने आपल्याला त्या धातूच्या जन्माआधीच्या शांततेत नेऊन सोडलं. असं धाडस मी आजवर..."

"अहो," ग्रंथपाल बाई नियम मोडून म्हणाल्या. त्यांचा चेहरा लाल झाला होता. "अँप्लिफायर लावायचा राहिला होता माझा. वायर लोंबत होती."

क्षणभर कुणाला कुठे बघावं कळेना. मग प्राध्यापकच आधी हसले, अगदी पोट धरून, आणि सगळा हॉल हसला. "आणि मी म्हणतोय, धाडस!" ते डोळे पुसत म्हणाले. "बाई, हे धाडस तुमचंच!" आम्ही प्रत्येक जण कबूल करायला लागलो की शंका आली होती, पण अडाणी ठरू म्हणून तोंड उघडलं नाही. अप्पाही हसत होते. एक क्षण थांबून. माझ्याकडे बघून.

टॉर्च फिरत फिरत अप्पांच्या हातात आला. मी तो घ्यायला हात पुढे केला होता, कारण नवीन माणसाने बोललंच पाहिजे असं नाही. पण अप्पांनी फळ्याकडे पाहिलं, तिथली ओळ वाचली, आणि वर्गात उभे राहायचे तसे उभे राहिले.

"दिसलं ते सांगतो," अप्पा म्हणाले. "उत्तरेकडचा देश असणार. दुपारीसुद्धा सावल्या लांब होत्या. थोरल्या सुनेचा डावा हात भाजलेला आहे, ती तो सारखा पदराखा... नाही, शालीखाली लपवते. साच्याच्या मातीत केस मिसळतात, घोड्याचे असावेत. ओतायच्या आधी कुणी बोलत नाही. धाकटी सून बोलली तर मुलाने डोळे वटारले." सगळा हॉल माना डोलावत होता. मला वाटलं, झालं, आता बसतील. अप्पांनी टॉर्च या हातातून त्या हातात घेतला.

"आणि एक. शेवटी मुलगा घंटा वाजवतो, तेव्हा म्हातारा घंटेकडे बघत नाही. तो मुलाच्या तोंडाकडे बघतो. मुलगा हसला, मग हा हसला." ते थांबले. "मीही हल्ली तसंच करतो."

ते खाली बसले. ग्रंथपाल बाईंनी त्यांच्या हातातून टॉर्च अगदी हळू घेतला आणि दुसऱ्या कुणाला दिलाच नाही.

जिन्यात मी मुद्दाम मागे राहिले. माझ्या धंद्यात अंदाज चालत नाही, भिंग लावून बघावं लागतं. अप्पा दोन पायऱ्या पुढे होते. मी नेहमीच्या आवाजात म्हटलं, "अप्पा, तुमची चप्पल राहिली वर." ते उतरत राहिले. "अप्पा, हा चष्मा तुम्हाला मुळीच शोभत नाही." काही नाही. मी भराभर उतरून त्यांच्यासमोर गेले, त्यांना माझं तोंड दिसेल अशी उभी राहिले आणि त्याच आवाजात, सावकाश विचारलं, "घंटेच्या साच्यात काय मिसळतात?"

"केस," अप्पा म्हणाले. "आत्ताच सांगितलं ना मी?"

माझा जीव भांड्यात पडला. तिथेच जिन्यात मला हसू आणि रडू एकदम फुटलं. वरून उतरणारे प्राध्यापक भिंतीला चिकटून, अंग चोरून खाली निघून गेले. मी अप्पांना वाचनालयाच्या पायरीवर बसवलं, शेजारी बसले आणि त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडले, "अप्पा, तुम्हाला ऐकू येत नाही!"

ते माझ्याकडे बघत राहिले. "म्हणजे?"

"म्हणजे कान गेलेत! बोलणं तुमच्यापर्यंत पोचतच नाही! सिनेमाला अर्धा वेळ आवाज नव्हता, मग आला, तुम्हाला कळलंच नाही!"

"आवाज येतो मला," अप्पा म्हणाले. "तुम्ही सगळे बोलता ते येतं. पण नुसता गलका येतो. शब्द लागत नाहीत. मला वाटलं..." त्यांनी चष्मा काढला आणि तो कुठे ठेवावा हे न कळून हातात धरून बसले. "कानच ना? नुसता बहिरा? नक्की?"

"नक्की डॉक्टर सांगतील! मंगळवारी आधी कानाच्या डॉक्टरांकडे जायचं! पण डोकं शाबूत आहे, हे आत्ता सगळ्या हॉलने बघितलं!"

रस्त्यावरची दोन माणसं थांबून आमच्याकडे बघत होती. म्हाताऱ्या माणसावर भर रस्त्यात ओरडणारी सून, त्यांना काय वाटलं असेल ते वाटो. बहिरा झालास म्हटल्यावर एवढा आनंद झालेला माणूस मी तरी पाहिलेला नाही. अप्पांचे खांदे खाली आले, सगळं अंगच सैल पडलं. ते हसले, आणि या वेळी माझ्या तोंडाकडे न बघता हसले. मग समोर रस्त्याकडे बघत, स्वतःशीच बोलावं तसं म्हणाले, "रोज सकाळी डोळे उघडले की आधी तुम्हा सगळ्यांची नावं म्हणून बघायचो. मनातल्या मनात. सगळी आहेत ना, म्हणून."

मी त्यांचा हात धरला.

"पहिलं तुझं म्हणायचो," अप्पा म्हणाले. "दादा आधी सुनांना विसरला होता. मागून आलेली माणसं आधी जातात. म्हणून आधी तुझं. ते आलं की मग जरा धीर यायचा, बाकीची म्हणायला."

आणि मी याच माणसाला चार महिने आडमुठा म्हणत होते. मला बोलायचं होतं बरंच काही. शेवटी मी त्यांच्या कानाशी तोंड नेलं आणि माझं नाव ओरडले. एवढंच सुचलं.

"माहीत आहे गं," अप्पा म्हणाले. "हळू. लोक बघतायत."